भुसावळच्या पश्चिमेला

माझी भाची यंदा सहावीत गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पहिला मोठा पाऊस लागलेला असताना, ती भूगोलाचं पुस्तक आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आपण कुठे आहोत?"

हाच प्रश्न एखाद्या कीर्तनकाराने विचारला असता तर मान डोलावून वेळ मारून नेता आली असती. पण पेन्सिल हातात धरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

"डोंबिवलीत."

"ते माहितेय रे. पण नक्की कुठे?"

"पूर्वेला," मी म्हणालो. डोंबिवलीत एवढं पुरतं. पूर्व की पश्चिम ते समजलं की माणसाचा अर्धा स्वभाव समजतो, असं आमच्याकडे मानतात.

आई भज्यांसाठी कांदा चिरत बसली होती. तिला हे उत्तर फारच ढोबळ वाटलं. "मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे," ती म्हणाली. गिरणी बंद होऊन अकरा वर्षं झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी अख्खी गल्ली त्या नसलेल्या गिरणीवरूनच डावीकडे वळते.

"स्टेशनपासून सात मिनिटांवर," खालच्या मजल्यावरून भज्यांच्या वासाने वर आलेले माझे मेहुणे म्हणाले. फ्लॅट विकताना बिल्डरने त्यांना हेच सांगितलं होतं. वीस वर्षं हप्ते भरल्यावर माणसाला अशा गोष्टींवर विश्वास ठेवावाच लागतो.

"आणि भुसावळपासून एका रात्रीवर," आईने शेवटचा शब्द टाकला. भुसावळ हे तिचं माहेर. जगातली कुठलीही जागा ती शेवटी भुसावळपासूनच मोजते. भावाचा मुलगा अमेरिकेला गेला तेव्हा "म्हणजे भुसावळहून आणखी लांब झालं की रे," एवढंच ती म्हणाली होती.

भाचीने यातलं काहीच वहीत उतरवलं नाही. "बाईंनी अक्षांश-रेखांशात लिहून आणायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात फक्त तेलाचा आवाज राहिला.

मेहुण्यांनी फोन काढला. फोनला सगळं ठाऊक असतं. १९.२१ आणि ७३.०८, त्याने सांगितलं, आणि पुढे दशांशाची अशी शेपटी जोडली की पाचव्या आकड्याला आपण ओट्यापाशी आहोत की फ्रिजपाशी हेही कळावं. पाचवा दशांश म्हणजे साधारण मीटरभर. एवढ्या बारकाईने आपण कुठे आहोत हे आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. पण म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येईना. भाचीने अचूक दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "यातला आडवा कुठला आणि उभा कुठला?"

मराठी माध्यमातल्या तीन पिढ्या या प्रश्नावर अडखळल्या आहेत. माझ्या वेळी एक युक्ती होती: अक्षांश आणि आडवे, दोन्ही 'अ'च्या घरातले. युक्ती चांगली आहे, पाच मार्कांपर्यंत पुरते. त्यानंतर खरी गंमत होते. आडव्या रेषा आपल्याला सांगतात की आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, म्हणजे भिंतीवरच्या नकाशात किती वर-खाली. आणि उभ्या रेषा सांगतात पूर्व-पश्चिम. आडवं ते उभं मोजतं आणि उभं ते आडवं. अशा व्यवहारात पोराचा गोंधळ उडाला नाही तर त्याने लक्षच दिलं नाही असं समजावं.

पृथ्वीगोल घरात नव्हता. म्हणून मी आईच्या ताटातला एक कांदा उचलला.

कांदा हे भूगोलाचं उत्तम साधन आहे आणि कुठल्याही शैक्षणिक साहित्याच्या दुकानापेक्षा भाजीवाल्याकडे स्वस्त पडतं (हे वाक्य वर्षातले दहा महिने खरं असतं). शेंडा म्हणजे उत्तर ध्रुव, मुळ्यांची बाजू म्हणजे दक्षिण ध्रुव. आडवा कापत गेलो की गोल चकत्या पडतात. या चकत्यांच्या कडा म्हणजे अक्षवृत्तं. मधली चकती सगळ्यांत मोठी, ती विषुववृत्ताची, शून्य अंशाची. टोकाकडे जावं तशा चकत्या लहान होतात आणि ९० अंशांवर नुसता ठिपका उरतो. चकत्या एकमेकींना समांतर. कितीही दिवस ठेवल्या तरी भेटायच्या नाहीत. दुसरा कांदा घेऊन तो खेकडा भज्यांसाठी चिरतात तसा उभा चिरला. ही रेखावृत्तं. सगळ्या फोडी सारख्या लांबीच्या, मधे ऐसपैस अंतर ठेवून बसलेल्या, आणि दोन्ही टोकांना मात्र एकीच्या गळ्यात एक. दोन अक्षवृत्तांमधल्या एका अंशाचं अंतर कुठेही सुमारे १११ किलोमीटर भरतं. दोन रेखावृत्तांमधलं विषुववृत्तावर तेवढंच भरतं, डोंबिवलीला येईपर्यंत ते साधारण १०५ होतं, आणि ध्रुवावर शून्य.

"म्हणजे उत्तर ध्रुवावर उभं राहिलं की सगळे रेखांश एकदम?" भाचीने विचारलं.

"एकदम."

"मग तिथल्या मुलांनी रेखांश काय लिहायचा?"

तिथे शाळा नाही, हे उत्तर मला भूगोलाच्या दृष्टीने कमकुवत वाटलं, पण तिचं समाधान झालं. आईचं झालं नाही. माझ्या शिकवणीत दोन कांद्यांचे तुकडे झाले होते आणि चकत्यांची खेकडा भजी होत नाहीत.

शेवटी तिढा सोडवला तो आमच्या हाउसिंग सोसायटीने. "हे बघ," मी म्हणालो, "स्लॅब आडवा असतो ना? पण तू किती वर राहतेस हे स्लॅबच सांगतो. आणि विंगच्या भिंती उभ्या असतात, पण तू कुठल्या बाजूला राहतेस हे विंग सांगते. अक्षांश म्हणजे मजला, रेखांश म्हणजे विंग. आपण पृथ्वीच्या एकोणिसाव्या मजल्यावर, त्र्याहत्तराव्या विंगमध्ये राहतो."

हे तिला पटलं. इतकं पटलं की लगेच पुढचा प्रश्न आला. "तळमजला म्हणजे विषुववृत्त. मग ए विंग कुठली? आणि ती ए आहे हे कुणी ठरवलं?"

इथे भूगोल संपतो आणि सोसायटीचं राजकारण सुरू होतं.

तळमजल्यावरून जगात कुणाचं भांडण झालं नाही, कारण तो कुणी ठरवलाच नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, फिरणाऱ्या गोष्टीला आस असतो, आसाला दोन टोकं असतात, आणि दोन टोकांच्या बरोबर मधे विषुववृत्त आपसूक येतं. शिवाय आपण कितव्या मजल्यावर आहोत हे आकाशात लिहिलेलं असतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसेल, तितके आपले उत्तर अक्षांश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे डोंबिवलीकराने उत्तरेकडे तोंड करून क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुवबाळ जवळपास तिथेच बसलेला सापडतो. हा प्रयोग मी लहानपणी गच्चीवर केला आहे. आता करता येत नाही. आमच्या उत्तरेला एक टॉवर उभा राहिला आणि त्याने खालपासून मोजून तीन मुठी आकाश घेतलं. ध्रुवाला अढळपद मिळालं होतं, समोर बांधकाम होणार नाही असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

विंगांचं तसं नाही. सगळी रेखावृत्तं सारखीच. कुठलीही फोड उचलून 'ही पहिली' म्हणा, कांद्याला काही फरक पडत नाही. आणि सगळे सारखेच असले की पहिला कोण यावरून भांडण ठरलेलं. त्यामुळे ज्याच्या हातात नकाशा त्याचा शून्य त्याच्या अंगणात, असा शतकानुशतकं कारभार होता. फ्रेंचांचा शून्य पॅरिसमध्ये, इंग्रजांचा ग्रीनिचच्या वेधशाळेत. शेवटी १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला सर्वसाधारण सभा भरली. पंचवीस देश हजर. ग्रीनिचचा ठराव २२ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधात एकटं सांतो दोमिंगो, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ. कारण साधं होतं: दर्यावर फिरणाऱ्या बहुतेक जहाजांचे नकाशे आधीच ग्रीनिचवरून मोजलेले होते. सोसायटीतही ए विंग तीच होते, जिच्यात पाण्याच्या पंपाची किल्ली असते.

फ्रान्सचं पुढे काय झालं ते आमच्या सोसायटीच्या प्रत्येक सभासदाने वाचावं. सत्तावीस वर्षं त्यांनी आपल्या घड्याळात पॅरिस जपलं. १९११ साली नाइलाज झाला तेव्हा कायदा केला, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. फ्रान्सची अधिकृत वेळ म्हणजे 'पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे' असं लिहिलं. ती अर्थातच ग्रीनिचची वेळ होती. आमच्या चौथ्या मजल्यावरचे एक काका वाढीव मेंटेनन्स असाच भरतात. पूर्ण भरतात, पण चेकमागे 'निषेधासह' असं लिहून.

एवढं भांडून ठरवलेल्या त्या शून्याची आजची अवस्था ऐकून तर मेहुण्यांना ठसका लागला. ग्रीनिचला जमिनीत धातूची पट्टी बसवली आहे. जगभरचे प्रवासी तिच्यावर एक पाय पूर्वेला, एक पाय पश्चिमेला ठेवून फोटो काढतात. पण हातातल्या फोनमध्ये बघावं तर शून्य तिथे येत नाही, पट्टीपासून १०२ मीटर पूर्वेला येतो. उपग्रहांनी पृथ्वीच्या मध्यापासून नव्याने मोजलं आणि ए विंग शंभर मीटर सरकली. बरं, निसर्गाने फुकट दिलेला तळमजला तरी नीट सापडावा? इक्वाडोरमध्ये विषुववृत्ताचं मोठं स्मारक आहे, तिथेही पिवळ्या पट्टीवर दोन गोलार्धांत दोन पाय ठेवून लोक उभे राहतात, आणि खरं विषुववृत्त तिथून दोनशे चाळीसेक मीटर उत्तरेला आहे. लोक मोठ्या आनंदाने दोन्ही पाय दक्षिण गोलार्धात ठेवून घरी परत जातात.

"आणि ए विंग, तळमजला? शून्य-शून्य?" भाचीने विचारलं.

आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात. तिथे हवामान मोजणारा एक बोया तरंगतो, बाकी कुणी राहत नाही. जगातला सगळ्यात प्रतिष्ठित पत्ता रिकामा पडलाय हे ऐकून मेहुण्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर गुंतवणुकीचा विचार चमकून गेला.

दुसऱ्या दिवशी भाची दशांश टाकून अंश-मिनिटांवर आली. शाळेत तसंच लिहितात: १९ अंश १३ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५ मिनिटं पूर्व. "मामा, मिनिट म्हणजे वेळ ना? मग हे अंतर कसं?"

एका अंशाचे साठ भाग, म्हणून मिनिट. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर; दर्यावर्दींचा सागरी मैल तो हाच. मी हे बोलून गेलो आणि मेहुणे हातातला कप ठेवून उठले. स्टेशनपासून सात मिनिटांवर! सात गुणिले १.८५, जवळजवळ तेरा किलोमीटर. वीस वर्षं ज्या माणसाला ते खोटारडा म्हणत आले, तो बिचारा अक्षांशात बोलत होता. आमचा फ्लॅट तर स्टेशनपासून तीन किलोमीटरच्याही आत आहे. म्हणजे बिल्डरने कबूल केल्यापेक्षा पुष्कळच जवळ दिला.

रेखांशाचं मिनिट मात्र खरोखर घड्याळाशी बांधलेलं आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, तासाला पंधरा, एका अंशाला चार मिनिटं. डोंबिवली आणि सीएसएमटी यांच्या रेखांशांत पाव अंशाचा फरक. म्हणजे डोंबिवलीच्या डोक्यावर आलेला सूर्य सीएसएमटीच्या डोक्यावर एका मिनिटाने पोचतो. स्लो लोकलला सव्वा तास लागतो. सूर्याला कोपर-दिव्याच्या मधे सिग्नल मिळत नाही असं होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

याच चार मिनिटांच्या हिशेबावर एके काळी जहाजं बुडत होती. समुद्रात अक्षांश ताऱ्यांवरून मिळायचा, रेखांशाला मात्र आपल्या बंदरात आत्ता किती वाजलेत हे ठाऊक हवं, आणि हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचं घड्याळ चालेना. १७०७ मध्ये इंग्रजांच्या चार युद्धनौका सिली बेटांच्या खडकांवर फुटल्या. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं. मोठमोठे ज्योतिर्विद चंद्राकडे बघत बसले आणि जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराने घड्याळं बनवायला घेतली. त्याचं चौथं घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर निघालं आणि तिथे पोचेपर्यंत जेमतेम पाच सेकंदांनी चुकलं. मग बक्षीस मिळालं? समितीने आधी आणखी चाचण्या मागितल्या, मग घड्याळ उघडून दाखवा म्हणाले, मग अर्धे पैसे दिले. उरलेले पैसे हातात पडायला १७७३ उजाडलं. सुतार तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. आमचे मेहुणे सरकारी कंत्राटदारांची बिलं तपासतात, ते म्हणाले, "यात उशीर कुठेय? ऑडिटचा शेरा आला असेल."

आपल्याकडची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर ठरते. मिर्झापूर म्हटल्यावर मेहुण्यांचे डोळे चमकले, पण ती मालिका वेगळी. भारत अडुसष्ट अंशांपासून सत्त्याण्णवपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे अरुणाचलात सूर्य उगवल्यावर गुजरातच्या टोकाला तो यायला जवळपास दोन तास. घड्याळ मात्र सगळ्यांच्या मनगटावर मिर्झापूरचं. मुंबईचा सूर्य या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे चालतो, नागपूरचा चौदा. १ जानेवारी १९०६ पासून ही नवी वेळ आली तेव्हा मुंबईकरांनी ती सहजासहजी घेतली नाही. आमची ३९ मिनिटं चोरली म्हणून गदारोळ झाला, आणि स्वातंत्र्य आल्यानंतरही शहरातली काही घड्याळं जुन्या मुंबई टाइमवर चालत होती. आजही मुंबईकर कुठल्याही समारंभाला साधारण ३९ मिनिटं उशिरा पोचतो. त्याला उगाच बेशिस्त म्हणतात. तो सूर्याप्रमाणे वागतो.

सामोआची गोष्ट मी झोपायच्या वेळी सांगितली. वाररेषा एकशे ऐंशी अंशांच्या आसपास वाकडीतिकडी जाते, कारण ती पाण्यातून जाण्यापेक्षा माणसांच्या सोयीतून जाते. सामोआला व्यापारासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा वार हवा होता. म्हणून २०११ साली २९ डिसेंबरच्या रात्री तिथले लोक झोपले आणि ३१ डिसेंबरला उठले. ३० तारीख झालीच नाही. "मग ज्यांचा वाढदिवस होता?" भाचीने अंथरुणात उठून बसत विचारलं. त्या रात्री तिला झोप लागायला बराच वेळ लागला. तिचा वाढदिवस डिसेंबरात असतो.

आपल्या मातीशी या आकड्यांचा संबंध सांगायचा तर मला हिंगणघाट आठवतं. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने भारताची मोजणी सुरू केली. त्याचं कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचं. तंजावरला ते देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटलं, तर हा माणूस कित्येक आठवडे तंबूत बसून स्वतः ते ठोकून-ठाकून सरळ करत राहिला. अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताच्या आसपास त्रिकोणामागून त्रिकोण मांडत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत होता आणि १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. थडगंही तिथेच आहे. त्याच्या मदतनिसाचं नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्बटनच्या वाट्याला वर्धा जिल्हा आला. माझ्या मते हा सौदा वाईट नाही. हिंगणघाटला निदान गर्दीत रांग लावून चढावं लागत नाही.

या सगळ्यात आई गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आपल्या लोकांचा शून्य कुठे होता?"

खरं म्हणजे अक्षांश-रेखांश आमच्या घरात कुणी कधी वापरले असतील तर ते आईनेच. भाचीची पत्रिका करताना गुरुजींनी जन्मवेळेबरोबर जन्मगाव विचारलं होतं, ते याच हिशेबासाठी. पूर्वीचे ज्योतिषी अक्षांशासाठी पळभा काढत: दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी बरोबर माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली किती पडते ते मोजायचं. डोंबिवलीची पळभा चार अंगुळं आणि वर थोडी येते. आणि रेखांशातल्या फरकाला त्यांचा शब्द होता देशांतर. हिंदीत रेखांशाला आजही देशांतर म्हणतात. मराठीत देशांतराला जायला व्हिसा लागतो.

आणि त्यांचा शून्य होता उज्जैनला. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मध्यरेषा जाते. ही लंका म्हणजे विषुववृत्तावरचा मानलेला बिंदू. ग्रीनिचची वेधशाळा उभी राहण्याच्या किती तरी शतकं आधी आपले पंचांगकर्ते उज्जैनहून देशांतर मोजत होते. भाचीने नकाशावर पट्टी ठेवली. उज्जैन, ७५ अंश ४६-४७ मिनिटं पूर्व. पट्टी सरळ खाली आणली. सातपुडा ओलांडला, तापी ओलांडली. पट्टीच्या कडेला एक मोठा काळा ठिपका होता. ती एकदम ओरडली, "आजी! भुसावळ!"

मी चष्मा लावून पाहिलं. फोनवर पाहिलं. खरंच, भुसावळचा रेखांश जवळजवळ उज्जैनचाच. मध्यरेषा भुसावळच्या अंगावरून जाते.

आईने कढईखालचा गॅस बंद केला. आयुष्यभर ती जे करत आली होती त्याला शास्त्राचा आधार मिळाला होता. "मी काय वेगळं सांगत होते?" एवढंच ती म्हणाली, आणि लगेच भावाला फोन लावला.

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरी भुसावळ मीन टाइम चालला. भुसावळ म्हणजे शून्य. डोंबिवली २ अंश ४२ मिनिटं पश्चिम, म्हणजे घड्याळात अकरा मिनिटं मागे. ग्रीनिच पंचाहत्तर अंश पश्चिमेला, तिथल्या शाही वेधशाळेला रोज पाच तास तीन मिनिटं थांबून आपल्याला विचारावं लागलं असतं, काय हो, किती वाजले? भुसावळच्या फलाटावर पितळी पट्टी, तिच्यावर एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात ठेवून उभे असलेले फ्रेंच प्रवासी, हातात केळी. मेहुण्यांनी फक्त एक शंका काढली: जगाची वेळ ज्या स्टेशनवरून ठरते तिथे गाडी लेट कशी म्हणायची? जी वेळेला आली ती वेळ, असं आईने निकालात काढलं. माझ्या मते रेल्वे हेच तत्त्व पूर्वीपासून पाळत आली आहे.

जुलैच्या २७ तारखेच्या सुमारास डोंबिवलीत शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर आपल्या अक्षांशावर, डोक्यावर, आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना हा योग वर्षातून दोनदा मिळतो; कर्कवृत्त महाराष्ट्राच्या वरून जातं, म्हणजे आपल्याकडे सगळ्यांनाच मिळतो. एक मेच्या मध्यावर, जेव्हा भाची आजीच्या माहेरी भुसावळला असते, आणि एक जुलैअखेर. मी तिला म्हटलं, चल, अक्षांश डोळ्यांनी दाखवतो. आम्ही स्टीलचा पेला घेऊन दुपारी पावणेएकला गच्चीवर गेलो. घड्याळातल्या बाराला नाही, हे तिनेच हिशेब करून सांगितलं. आपला सूर्य मिर्झापूरच्या मागे आहे ना. गच्चीवर गुडघाभर नाही पण घोटाभर पाणी होतं. पाऊस कोसळत होता. तिने छत्री धरली, मी पेला उभा ठेवला. सावली शून्य होती. सकाळपासूनच शून्य होती.

"प्रयोग यशस्वी," ती म्हणाली, आणि पेल्यात पडलेलं पाणी ओतून टाकलं.

ऑगस्टमध्ये घटक चाचणीचे पेपर मिळाले. 'तुमच्या गावाचे स्थान अक्षांश व रेखांशांत लिहा', दोन गुण. तिने लिहिलं होतं: डोंबिवली, १९ अंश १३ मिनिटे उत्तर, भुसावळच्या पश्चिमेला २ अंश ४२ मिनिटे. बाईंनी अर्धा गुण कापून लाल शाईत शेरा मारला होता: 'ग्रीनिचपासून मोजावे.'

आई पेपर घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरून दोनदा वाचला. भाची रडवेली झाली नव्हती, चिडली होती.

"फ्रान्सला सत्तावीस वर्षं दिली," ती म्हणाली. "आणि मला एक चाचणीपण नाही?"